३६ नंबरचं रिव्हॉल्व्हर

माझ्या संग्रही ११२ अमेरिकन रिव्हॉल्व्हरं आहेत. सगळी एकोणिसाव्या शतकातली, आणि त्यातली निम्मीअधिक दुर्मिळ. हे वाक्य पुण्यातल्या एखाद्या वाड्यात बसून उच्चारलं तर लोक 'वा!' म्हणतात आणि पुन्हा चहा टाकतात. गडचिरोली जिल्ह्यात उच्चारलं तर लोक आधी मागे वळून बघतात आणि मग आपली ओळखच नसल्यासारखे निघून जातात. म्हणून पुढचं वाक्य मी त्याच दमात उरकून टाकतो : ही सगळी रिव्हॉल्व्हरं कागदावर आहेत.

त्याचं असं झालं, की आमच्या बँकेत संगणक आला तेव्हा एक जाडजूड कोरी खातेवही रद्दीत निघाली. लाल कापडी पाठ, आत निळे-तांबडे रकाने. असा कागद रद्दीत जाताना बघवेना. साहेबांची परवानगी काढून मी ती घरी आणली आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभेल अशा रीतीने छंद सुरू केला. वर्ष, कारखाना, नमुना, किती बनली, शेवटच्या लिलावात काय भाव आला, अशा नोंदी. 'शिल्लक' या रकान्यात मात्र प्रत्येक ओळीला शून्य. लाखो डॉलरांचे व्यवहार आणि शिल्लक शून्य, अशी ती वही बघून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बँकेत दिवसभर हेच करता का?"

आता छंदच करायचा तर तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांची चित्रं असे सभ्य छंद होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या हाताळणीतल्या वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांचं संग्रहालय केलं. ते बघून माणूस नम्र होऊन बाहेर पडतो. माझ्या छंदामागे असं उदात्त काही नाही. त्याच्या मुळाशी दिवाळीतलं टिकलीचं पिस्तूल आहे आणि 'शोले' आहे.

'शोले' १९७५ चा, माझ्या जन्माआधीचा. पण तो बघितल्याशिवाय आमच्या पिढीला मोठं होण्याची परवानगीच नव्हती. त्यात गब्बरसिंग आपल्याच तीन माणसांपुढे उभा राहतो, सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडतो, आणि उरलेल्या तीन गोळ्यांसकट ते चक्र गरकन फिरवतो. मग तिन्ही वेळा घोडा रिकाम्या घरावर पडतो. बाकीची पोरं गब्बरकडे बघत होती. मी चक्राकडे बघत होतो. सहा घरं, तीन भरलेली, तीन रिकामी. हिशेब जुळला पाहिजे, ही भावना बँकेत लागण्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या रक्तात होती.

आणि खरोखरच, रिव्हॉल्व्हरचं सगळं मर्म त्या चक्रात आहे. ठासणीच्या बंदुकीत एक बार काढला की पुन्हा दारू, गोळी, गज, टोपी असा सगळा संसार मांडावा लागतो. तोवर समोरचं रानडुक्कर आपल्यासाठी थांबत नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या सॅम्युअल कोल्टने २५ फेब्रुवारी १८३६ रोजी पेटंट घेतलं ते असं, की घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे सरकावं आणि भरलेलं घर नळीसमोर येऊन घट्ट बसावं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर टोकन पद्धत. एकाचं काम झालं की पुढचा नंबर खिडकीसमोर. फरक एवढाच, की कोल्टच्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लागत नसे.

पुढचा सगळा इतिहास हा माझ्या मते युद्धशास्त्राचा नसून वाणिज्याचा आहे. कोल्टने न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना काढला, तो १८४२ मध्ये बुडाला. पाच वर्षांनी सॅम्युअल वॉकर नावाच्या टेक्ससच्या कॅप्टनने मेक्सिकोच्या लढाईसाठी १००० नगांची सरकारी मागणी आणून दिली, नग २५ डॉलर. त्या एका ऑर्डरवर कोल्ट पुन्हा उभा राहिला. 'वॉकर कोल्ट' म्हणतात ते हेच. वजन दोन किलो! कमरेला लावलं तर माणूस एका बाजूला कलायचा, म्हणून ते घोड्याच्या खोगिराला अडकवीत. बिचारा वॉकर त्याच वर्षी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, लढाईत पडला.

दुसरी कथा रोलिन व्हाइटची. ही प्रत्येक मराठी लेखकाने देवघरात लावून ठेवावी अशी आहे. चक्राची घरं आरपार पाडली तर मागच्या बाजूने तयार काडतूस घालता येईल, ही कल्पना त्याची. पेटंट १८५५ चं. 'स्मिथ अँड वेसन' या कंपनीने ते नगामागे २५ सेंट रॉयल्टीवर घेतलं आणि करारात एक कलम घातलं, की कुणी नक्कल केली तर कोर्टकचेरी व्हाइटने स्वखर्चाने करायची. नकला भरपूर झाल्या. रॉयल्टी येत गेली आणि वकिलांकडे जात गेली. १८६९ मध्ये पेटंटाची मुदत संपली, तेव्हा कंपनी गबर झाली होती आणि व्हाइटला सगळे कोर्टाचे पट्टेवाले नावाने ओळखत असावेत.

असं सगळं माझ्या खातेवहीत गुण्यागोविंदाने नांदत होतं. आणि एका रात्री माझ्या फोनवर एक फोटो आला.

त्यासाठी वडशाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. रेल्वे या गावाला वडसा म्हणते, नगर परिषद देसाईगंज म्हणते, आणि आम्ही बँकवाले कुणाचं मन दुखवायला नको म्हणून एक नाव कंसात घालून दोन्ही लिहितो. वैनगंगेच्या अंगाचं, धानाचं गाव. गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी बघायची तर वडशालाच यावं लागे, ही आमची पुष्कळ वर्षांची मिजास. पण खरी ओळख झाडीपट्टीच्या नाटकांची. दिवाळीनंतर धान हाती आलं की नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात, रस्ताभर पाट्या लागतात, आणि आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा मोसम सुरू होतो. रात्री उघडलेला पडदा कोंबडं आरवल्यावर पडतो. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आपल्याच घरात पेढे आल्यासारखं वाटलं होतं.

अशाच एका कंपनीचे मालक आमच्या शाखेचे खातेदार. माणूस सरळ. पण करोनाने २०२० चा मोसम बुडवला आणि तेव्हापासून त्यांच्या कर्जखात्याची नाडी काही जागेवर आली नव्हती. माझा छंद त्यांना ठाऊक होता. कारण वडशात एकाला सांगितलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, "बाबूजी, आज्याच्या पेटीत भेटलं. मोलाचं आहे का जी? कोनाले सांगू नोका."

फोटो पिवळ्या दिव्यातला, हात हललेला. तरी तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या. नळी गोल नव्हती, आठ पैलूंची होती. चक्रावर काहीतरी कोरलेलं होतं, शिडं उभारलेल्या जहाजासारखं. आणि मुठीच्या वर आकडा होता : ३६.

मी ताडकन उठून बसलो. वाचकहो, आठ पैलूंची नळी, चक्रावर जहाजं आणि .३६ ची गोळी, हे वर्णन एकाच वस्तूचं आहे : कोल्टचं १८५१ चं 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर. कोल्टच्या कारखान्यातलं हे लाडकं लेकरू. हार्टफर्डला सुमारे २,१५,००० आणि लंडनला सुमारे ४२,००० बनली. चक्रावर १६ मे १८४३ रोजी टेक्सस आणि मेक्सिकोच्या आरमारांत झालेल्या लढाईचं चित्र असतं. आणि हे चित्र कोरणारा ऑर्म्सबी हा कोण होता? नोटांचे ठसे कोरणारा कारागीर! नोटेवर नक्षी का असते, तर खोटी नोट ओळखू यावी म्हणून. कोल्टनेही नकली मालाला आळा बसावा म्हणूनच आपल्या चक्रावर नक्षी घेतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या रिव्हॉल्व्हरबद्दल एकदम घरोबा वाटला होता. उजेडात धरून नक्षी बघणं हे आमचं रोजचं काम.

शिवाय संग्राहक या वस्तूत काय बघतो? नंबर बघतो. कोल्ट एकाच रिव्हॉल्व्हरच्या चक्रावर, नळीवर, सांगाड्यावर एकच अनुक्रमांक ठोकीत असे. सगळे नंबर जुळले तर भाव एक, एक जरी नंबर वेगळा निघाला तर भाव निम्म्याखाली. आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून ताळा करावा म्हटलं, तर फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली आणि सुरुवातीच्या काळच्या बहुतेक वह्या जळाल्या. रिव्हॉल्व्हरं जगभर शाबूत, आणि लेजर खाक! हे दुःख फक्त बँकवाल्यालाच कळेल.

'पण हे वडशात कसं येईल?' असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं, आणि मध्यरात्री स्वतःला दिलेली उत्तरं फार लवकर पटतात. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला टेम्सच्या काठी कारखाना काढला होता. तो तीन-चार वर्षंच चालला. पण १८५७ च्या धामधुमीत इकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टची रिव्हॉल्व्हरं होती, हा इतिहास आहे. आणि आमच्या चांदा मुलखातही लढाई झाली होतीच की! मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये गोंडांची फौज उभी केली. मार्चमध्ये राजगड घेतला. २९ एप्रिलला चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर छापा घातला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन महिनोन्‌महिने त्यांच्या मागावर होता. शेवटी बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघं पंचवीस.

या ठिकाणी माझं डोकं जरा वाहवत गेलं. मी ते फोटोतलं रिव्हॉल्व्हर सरळ क्रायटनच्या कमरेला लटकवलं, वैनगंगेच्या उतारात त्याच्या घोड्याला ठेच लागवली, आणि वस्तू वाळूतून काढून थेट मालकांच्या आज्याच्या पेटीत ठेवली. मग एक गोष्ट मनात आली आणि मी थांबलो. त्या वर्षी हार्टफर्डला कोल्टची यंत्रं हजारोंनी सहाबारी रिव्हॉल्व्हरं ओतत होती. आणि या जंगलातली माणसं तलवारी, भाले आणि ठासणीच्या बंदुका घेऊन साम्राज्याशी भांडत होती. मी मात्र १२ रुपयांच्या चहापत्तीचा चहा पीत त्या यंत्राच्या नक्षीवर खूष होतो. छंद माणसाला कुठल्या बाजूला नेऊन उभं करतो, याचा ताळा अधूनमधून करावा.

पण मालकांचा प्रश्न नक्षीचा नव्हता, मोलाचा होता. वही उघडली. २०१८ मध्ये अमेरिकेत एक वॉकर कोल्ट, मूळच्या पेटीसकट, १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. २०२१ मध्ये पॅट गॅरेट या शेरीफने ज्या कोल्टने बिली द किडला मारलं, ते ६० लाख डॉलरच्या वर गेलं. साधं नेव्ही एवढं नाही; पण चांगल्यापैकी असेल तर मालकांच्या हप्त्यांचा प्रश्न सुटला असता.

सवयीने मी व्याजही काढून पाहिलं. वॉकरचा १८४७ चा सरकारी भाव २५ डॉलर. २०१८ मध्ये १८ लाख ४० हजार. मुदत १७१ वर्षं. दर निघाला साधारण पावणेसात टक्के, चक्रवाढ! तीनदा हिशेब केला. म्हणजे दोन किलोचं ते धूड पाच-सहा पिढ्यांनी तेल लावून, चोरांपासून जपून, भावाभावांत भांडणं करून सांभाळायचं. आणि शेवटी पदरात काय, तर अलीकडे मुदत ठेवीला मिळतं साधारण तेवढंच व्याज. तेही अकराशेंपैकी आपलंच शाबूत राहिलं तर. बाकीच्यांतली कित्येक दारूच्या जोरानेच फुटली. मुदत ठेव निदान फुटत नाही. हा मुद्दा मी दुसऱ्या दिवशी साहेबांना ठेवीदार मेळाव्यासाठी सुचवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

रात्री दोनच्या सुमाराला मला कायदा आठवला आणि झोप कायमची गेली.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार हे 'पुराणवस्तू' समजतात. त्यांच्या संघराज्याच्या लेखी ती बंदूकच नव्हे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा वय विचारत नाही, तब्येत विचारतो. हत्यार जुन्या धाटणीचं असो, पुरातन मोलाचं असो की मोडकं असो; दुरुस्त करूनही आणि न करताही ते बंदूक म्हणून चालणार नसेल, तरच त्याला सूट. म्हणजे आजोबा खाटेवर आहेत एवढ्याने भागत नाही, पुन्हा कधीही उठणार नाहीत असा दाखला हवा. चालण्यासारखं निघालं तर परवाना, आणि परवान्यावरही २०१९ च्या दुरुस्तीपासून जास्तीत जास्त दोन. परवान्याशिवाय सापडलं तर तुरुंग.

बरं, चालत नाही असं ठरलं, तरी सुटका कुठे आहे? शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. अशी वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवायची नाही. म्हणजे चाललं तर घरात ठेवता येत नाही आणि नाही चाललं तर अमेरिकेला धाडता येत नाही. दोन कायद्यांच्या मधल्या बोळात मालक उभे, आणि त्यांच्या मागे, फोनमध्ये फोटो घेऊन, मी! तेही कुठे, तर या जिल्ह्यात, जिथे बंदुकीचा फोटो ही काही गंमत समजत नाहीत. मी फोटो पुसला. मग पुसला हेच संशयास्पद दिसेल असं वाटून तो परत मागवावा की काय, या विचारात उजाडलं.

सौ.ने चहा पुढे ठेवत विचारलं, "रात्रभर कसला हिशेब करत होतात?"

"मालकांच्या पेटीत रिव्हॉल्व्हर सापडलंय," मी हळूच म्हणालो.

"मग आधी वजन करा," ती म्हणाली. "रद्दीवाल्याला आपण तेच सांगतो ना?"

हे मला रात्रभरात सुचलं नव्हतं.

सकाळी मालकांच्या कचेरीत गेलो. दार लावून घेतलं. पडदे, गदा, मुकुट, पितांबरं यांच्या ढिगामागून मालकांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली आणि माझ्या हातावर ठेवली. खरं नेव्ही सव्वा किलोच्या आसपास भरतं. माझ्या हाताला पाव किलोही लागेना. नखाने खरवडलं. काळ्या रंगाखालून साग निघाला.

मालकांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात कोपऱ्यात बिडी ओढत बसलेले कंपनीचे म्हातारे प्रॉम्प्टर पुढे आले. चष्मा पुसून म्हणाले, "हे तं सामान नंबर छत्तीस हाय जी! पस्तीस गदा, छत्तीस पिस्तूल, सदतीस तुतारी." आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तंबूत 'शोले' आला तेव्हा आज्याने कंपनीच्या सुताराला तो तीनदा दाखवला आणि तसलंच एक करून मागितलं. सुताराजवळ नळी गोल करायला खराद नव्हता, म्हणून आठ पैलू पाडले. चक्रावर जहाज नव्हतंच. शंकरपटात उधळलेली बैलजोडी होती, आणि ज्यांना मी शिडं समजलो ती बैलांची शिंगं होती. ३६ हा आकडाही चक्क मराठी होता. रात्री मला तो इंग्रजी दिसला. छंदाने नजर किती तयार होते, त्याचा हा पुरावा.

"म्हंजे काहीच भेटत नाही का जी?" मालकांनी विचारलं.

मी ते परत देणार, एवढ्यात सहज अंगठ्याने घोडा मागे ओढला. 'कट्' असा आवाज आला आणि चक्र एक घर पुढे सरकलं. पुन्हा ओढला. पुन्हा एक घर. सहाही घरं, अचूक! आत सायकलच्या तारेची कमान होती. खरं रिव्हॉल्व्हर आयुष्यात हातात न घेतलेल्या, पेटंट हा शब्दही न ऐकलेल्या त्या सुताराने ते यंत्र पडद्यावर बघून, आपल्या डोक्याने, लाकडात उतरवलं होतं.

तेव्हा मी मालकांना बसवलं आणि कोल्टची सुरुवातीची गोष्ट सांगितली. ती मुद्दामच इतका वेळ राखून ठेवली होती.

सोळा वर्षांच्या या पोराला घरच्यांनी १८३० मध्ये 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढवलं. जहाज बॉस्टनहून निघालं होतं आपल्याच कलकत्त्याला. त्या सफरीत, समुद्रावर, त्याने चाकूने कोरून आपल्या रिव्हॉल्व्हरचा पहिला नमुना केला, तो लाकडाचा! जहाजाचं सुकाणूचं चाक फिरताना आणि अडकताना बघून त्याला ही युक्ती सुचली, असं सांगतात. परत आल्यावर खरी पिस्तुलं करवून घ्यायला पैसा हवा होता. तो कुठून आणावा? तर पठ्ठ्याने 'कलकत्त्याचे सुप्रसिद्ध डॉक्टर कोल्ट' असं नाव लावलं आणि गावोगाव हसवणाऱ्या वायूचे खेळ सुरू केले. तिकीट काढून लोक यायचे, चारजणांना मंचावर बोलावून वायू हुंगवायचा, ते नाचायचे, हसायचे, आणि बाकीचे त्यांना बघून हसायचे. दोन-तीन वर्षं हा दौरा चालला. जगातलं पहिलं यशस्वी रिव्हॉल्व्हर उभं राहिलं ते त्या गल्ल्यावर. विनोदावर इतका पैसा मिळवलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस, आणि त्यानेही तो असा घालवला.

मालक थोडा वेळ गप्प होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "म्हंजे तोबी आमच्यासारखाच कंपनीवाला होता म्हना की!"

"अगदी. आणि त्याचा तो लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. त्याच्या बायकोने आपला संग्रह १९०५ मध्ये त्यांना देऊन ठेवला. संग्रहालयाचं नाव काय माहीत आहे? वॉड्सवर्थ!"

"वडस...?"

"वडसाच म्हणा."

प्रॉम्प्टरना खोकला येईपर्यंत हसू आलं.

घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, आणि ते फक्त तुरुंग टळला म्हणून नव्हतं. पेटीतलं ते खरं निघालं नाही याचाच मला आनंद झाला होता. असं का व्हावं, याचा विचार करत चाललो होतो. ११२ रिव्हॉल्व्हरांचा मालक, आणि एक खरं हाताशी येता येता हुकलं, तर त्याने हळहळायला हवं.

मला वाटतं, बंदूक ही म्हातारी झाल्यावरच छंदाच्या लायक होते. ज्या गावात तिचा आवाज ऐकलेली माणसं अजून आहेत, तिथे तिच्या नक्षीचं कौतुक करवत नाही. आमच्या जिल्ह्यात आजोबा-पणजोबांच्या भरमार बंदुका घराच्या आढ्याला असायच्या, पिकाच्या राखणीसाठी. पोलिसांनी आवाहन केलं तेव्हा गावकऱ्यांनी त्या आणून जमा केल्या. त्यांतली प्रत्येक कुणा लोहाराने एकेकटी घडवलेली, वॉकरपेक्षा दुर्मिळ. एकीचाही लिलाव झाला नाही आणि एकीलाही कुणी मखमलीच्या पेटीत ठेवलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा माओवाद्यांचा मोठा नेता आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीला शरण आला आणि त्यांनी हत्यारं खाली ठेवली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता. मी नेहमीच्या सवयीने भिंग घेऊन बसलो, नमुना कुठला, साल कुठलं, म्हणून. मग भिंग ठेवून दिलं. ती अजून जुनी व्हायची आहेत. माझ्या नातवाच्या वयाचा कुणी पोरगा नागपूरच्या अजब बंगल्यात काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघेल आणि कंटाळून 'चला ना, हत्ती कुठंय?' म्हणेल, त्या दिवशी ती खरी संग्राह्य होतील. लवकर होवोत.

मालकांनी ते रिव्हॉल्व्हर विकलं नाही. विकत घ्यायला कुणी आलंही नाही. त्या मोसमात त्यांनी जुनं डाकूचं नाटक पुन्हा काढलं आणि सामान नंबर ३६ पुन्हा मंचावर आलं. मी पहिल्या रांगेत होतो. डाकूने घोडा ओढला, चक्र 'कट्' करून सरकलं, आणि विंगेतल्या पोराने फटाका दोन क्षण उशिरा वाजवला. तोवर मरणारा मरून पडला होता. मंडपात हास्याचा असा कल्लोळ झाला, की कलकत्त्याच्या डॉक्टरांनी वायूची नळी गुंडाळून ठेवली असती. मार्चमध्ये मालकांचे दोन हप्ते एकदम आले.

मी वहीत ११३वी नोंद केली. साल : 'शोले' नंतरचं. कारखाना : वडसा (देसाईगंज). धातू : साग. किती बनली : १. आणि 'शिल्लक' च्या रकान्यात, त्या वहीच्या जन्मात प्रथमच, शून्याऐवजी १ लिहिला.

सौ.ने वाचून म्हटलं, "पण ते तर मालकांचं आहे!"

खरं आहे. ऑडिटमध्ये हरकत निघेल. निघू दे.